तंत्रिकाश्लेष्म कोशिका व भयस्मृती

मेंदूतील तंत्रिका कोशिकांभोवती (मज्जापेशींभोवती) असणाऱ्या, पण त्यांच्याप्रमाणे विद्युत् आवेग वाहून न नेणाऱ्या कोशिकांना तंत्रिकाश्लेष्म कोशिका म्हणतात. रूडोल्फ फिरखो यांनी १८५६ मध्ये ‘ग्लिया’ (सरस) या ग्रीक शब्दावरून त्यांचे नामकरण केले. भराव व आधार एवढीच त्यांची योग्यता या नावाने जणू ठरून गेली आणि ती शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. पीओ देल रीओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये सूक्ष्मश्लेष्म कोशिका वेगळ्या ओळखल्या, तरी स्मृतीच्या विवेचनात त्यांना स्थान मिळाले नाही. दोष बराचसा साधनांचा होता. विद्युत् अग्रांनी आवेग टिपता येतात. ज्या कोशिकेत आवेग नाही, ती संशोधकांना मुकीच वाटली.

भय शिकले जाते, हे पाव्हलॉव्ह यांच्या अभिसंधान-पद्धतीने तपासता येते. ठरावीक स्वरानंतर उंदराच्या पायांना सौम्य विद्युत् झटका दिल्यास पुढे नुसत्या स्वरानेही तो जागीच थिजतो. या शिक्षणात अमिग्डाला हा मेंदूतील बदामाच्या आकाराचा भाग प्रमुख असून स्थळाची आठवण हिप्पोकँपसवर अवलंबून असते.

संवर्धित ताराकोशिकांत ग्लुटामेटामुळे कॅल्शियमाच्या लहरी उठतात, असे १९९० मध्ये दिसून आले व मुकेपणाची कल्पना ढासळली. ताराकोशिका तंत्रिका कोशिकांना लॅक्टेट पुरवितात. हिप्पोकँपसमधील हा पुरवठा रोखल्यास उंदरांना झटक्याची आठवण थोडा वेळ राहते, मात्र ती दीर्घकालीन होत नाही, असे २०११ मध्ये आढळले. अमिग्डालाच्या मध्यवर्ती भागातील ताराकोशिका उद्दीपित केल्यावर भयाचे प्रकटीकरण उलट कमी झाले (२०१७). विस्मरणातही या कोशिकांचा वाटा आहे : सूक्ष्मश्लेष्म कोशिका नाहीशा केलेल्या उंदरांत भयस्मृती ओसरली नाही (२०२०).

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी व सहकाऱ्यांनी केलेले कार्य या संदर्भात महत्त्वाचे आहे. दीर्घकालीन ताणामुळे हिप्पोकँपसमधील तंत्रिका कोशिकांच्या शाखा आखडतात, तर अमिग्डालातील वाढतात, असे त्यांनी २००२ मध्ये दाखविले. पुढे ताराकोशिकांवरील ताणाचा परिणामही या दोन भागांत भिन्न असल्याचे तेथे आढळले. भय का चिवट राहते, या प्रश्नाच्या दृष्टीने हा भेद लक्षणीय होय.

हे बहुतेक पुरावे उंदरांवरील प्रयोगांतून मिळाले आहेत. आघातोत्तर ताणविकाराने पीडित माणसांसाठी श्लेष्मकोशिकांवर बेतलेला प्रमाणित उपचार त्यांतून अद्याप निघालेला नाही.