चिंचिलाचा निवाडा : चांगला म्हणजे कशासाठी चांगला?

आजचा विषय वाचून तुमच्यापैकी काही जण घरूनच हसत आले असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस चिंचिला नावाच्या जनावरावर काय बोलणार? पण हा विषय मी निवडला नाही, तो माझ्यावर येऊन पडला. माझी नात कॅनडात असते. तिनं चिंचिला पाळलाय. तो तिनं एका प्रदर्शनात नेला आणि त्याचा तिसरा नंबर आला. कारण काय, तर केसांच्या रंगात पिवळसर झाक. रात्री फोनवर तिनं विचारलं, "आबा, म्हणजे तो वाईट आहे का?" मला उत्तर देता आलं नाही. ते शोधायला मी इतिहासात शिरलो.

चिंचिला हा कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी एक. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. कोरडी थंड हवा, खडकांच्या कपारी, रात्रीचा वावर. आपल्या डोक्यावर एका छिद्रातून एखाद-दुसरा, फार तर तीन-चार केस येतात. याला एकेका छिद्रातून पन्नासाहून अधिक केस येतात. त्यामुळे तो पाण्यानं अंघोळ करत नाही, बारीक धुळीत लोळून अंग स्वच्छ ठेवतो. निसर्गानं थंडीसाठी दिलेलं हे पांघरूण, आणि तेच त्याच्या मुळावर आलं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत या कातड्यांना प्रचंड मागणी आली. जनावर लहान, त्यामुळे एका लांब कोटाला शंभरावर कातडी लागत. डोंगरच्या डोंगर रिकामे झाले. 1910 साली चिली, बोलिव्हिया, पेरू आणि अर्जेंटिना या चार देशांनी करार करून शिकारीला आणि व्यापाराला बंदी घातली. तोवर उशीर झाला होता.

आता इथे एक माणूस येतो, मॅथियास चॅपमन. हा अमेरिकन खाण-अभियंता चिलीतल्या तांब्याच्या खाणीवर कामाला होता. त्यानं माणसं लावून जिवंत चिंचिला पकडवले. काही वर्षं खटपट करून हाती आले जेमतेम अकरा, त्यांत माद्या तीन. उंचावरची जनावरं एकदम खाली आणली तर मरतील, म्हणून त्यांना टप्प्याटप्प्यानं सवय करत उतरवलं. 1923 साली ती कॅलिफोर्नियाला पोहोचली. आज जगभर घराघरांतून जे चिंचिला दिसतात, त्यांतले बहुतेक या मूठभर जनावरांचे वंशज मानले जातात. माझ्या नातीचाही त्यातलाच असणार.

चॅपमनला प्राणिसंग्रहालय काढायचं नव्हतं. धंदा कातडीचा होता. फक्त पहिली काही दशकं जनावर कातडीसाठी नव्हे, तर पैदाशीची जोडी म्हणून महागात विकलं जाई. घेणाऱ्याला त्यातलं काही कळत नसे. मग चांगलं कुठलं, साधारण कुठलं, हे सांगणारा त्रयस्थ माणूस लागतो. परीक्षक, गुणपत्रक, प्रदर्शन ही सगळी व्यवस्था या गरजेतून वाढली.

ते प्रदर्शन कसं चालतं बघा. सारख्या मापाचे पिंजरे टेबलावर रांगेत. वर दिवसाच्या उजेडासारखे पांढरे दिवे, म्हणजे रंग फसवत नाही. पिंजऱ्यावर मालकाचं नाव नाही, नुसता क्रमांक. जनावरं आधी रंगछटेप्रमाणे गटांत लावतात, मग एकमेकांशी ताडून पाहतात. परीक्षक केसांवर फुंकर मारतो. केस दुभंगले की आतले तीन पट्टे दिसतात : बुडाशी निळसर करडा, मध्ये पांढरा, टोकाला काळा. टोकांचा काळा रंग पाठीवरून कुशीपर्यंत सारखा पसरलाय का, केस दाट आणि ताठ आहेत का, पोट स्वच्छ पांढरं आहे का, बांधा ठेंगणा-भरदार आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, रंग निखळ निळसर आहे की त्यात पिवळट-तांबूस झाक आहे.

हे सगळं थोतांड आहे का? मुळीच नाही. डेव्हिड ह्यूमनं 1757 मध्ये अभिरुचीवर एक निबंध लिहिला. त्यात त्यानं 'डॉन किहोटे'तली एक गोष्ट घेतली आहे. दोन जाणकार दारू चाखतात. एक म्हणतो चामड्याची चव येते, दुसरा म्हणतो लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी निघते चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली! पारख ही खरी गोष्ट असते. नातीच्या चिंचिलातली पिवळी झाकही खरीच होती. परीक्षकानं ती पाहिली, तिला दिसली नव्हती.

पण झाक आहे, हे एक विधान झालं. झाक हा दोष आहे, हे दुसरं. माझ्या वर्गात विद्यार्थी इथंच घसरायचे. पहिलं विधान डोळ्यांनी तपासता येतं. दुसऱ्यासाठी आधी विचारावं लागतं, की दोष कशाच्या दृष्टीनं? कांटनं सौंदर्याचे दोन प्रकार केले. फूल आपण फूल म्हणून पाहतो, ते कशासाठी आहे हे मनात आणत नाही. ते स्वायत्त सौंदर्य. घोडा किंवा इमारत सुंदर म्हणताना मात्र ती वस्तू काय असायला हवी, याची कल्पना आधी मनात असते. ते परायत्त. चिंचिलाच्या गुणपत्रकामागे अशी कोणती कल्पना आहे? कोट. एका कोटात शंभर कातडी शेजारी शेजारी शिवायची, तर सगळ्यांचा रंग जुळला पाहिजे. एक पिवळट आली की शिवण ओरडते. अंग मोठं हवं, कारण कातडी मोठी निघते. डोंगरातल्या चिंचिलापेक्षा पिंजऱ्यातला अंगानं थोराड झाला, त्यात या निवडीचा वाटा आहे. कपारीत राहणाऱ्या जिवाला थोराडपणाचा काय उपयोग?

गंमत पुढे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2000 सालच्या कायद्यानं केसाळ कातडीसाठी जनावरं पाळायला बंदी झाली. आपल्या देशानंही जानेवारी 2017 मध्ये चिंचिलाच्या कातडीची आयात बंद केली. कोट गेला. तरी ब्रिटनमध्ये प्रदर्शनं भरतात, आणि निकष पुष्कळसे तेच. हेतू मेला, मोजपट्टी राहिली.

मग काय, ही मोजपट्टी फेकून द्यायची? मी तसं म्हणणार नाही. तिनं काही भलंही केलं. दाट, निरोगी केस हे पोषणाचं लक्षण आहे, आणि नोंदी ठेवणारा पाळणारा वंशावळ सांभाळतो. ते गरजेचंही आहे. पांढऱ्या रंगाचं जनुक आई-बाप दोघांकडून आलं तर गर्भ जगत नाही, म्हणून जाणकार पांढऱ्याशी पांढरा लावत नाहीत. पण टेबलावर जे दिसत नाही, त्याचं काय? चिंचिलाचे दात जन्मभर वाढतात. ते वाकडे वाढले की जनावर उपाशी मरतं. नीट ठेवला तर तो पंधरा-वीस वर्षं जगू शकतो, पण फुंकर मारून आयुष्य दिसत नाही, आणि माणसाच्या हातात तो निवांत बसतो का, हेही नाही. घरात पाळायच्या जनावराचे खरे गुण हेच ना?

आणि आणखी एक. चिलीत इलापेलजवळ 1983 पासून चिंचिलांसाठी राखीव क्षेत्र आहे. तिथले उरलेसुरले चिंचिला आजही धोक्यात आहेत. त्यांना कोणी गुण देत नाही.

नातीला मी नंतर फोन केला. म्हटलं, "बाळा, परीक्षक खोटं बोलले नाहीत. फक्त त्यांनी ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तो प्रश्न तुझा नव्हता." ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "आबा, पण पुढच्या वर्षी पहिला यावा असं मला वाटतंच." वाटू दे. मोजपट्टी मनात कशी शिरते, हे मला तिच्याकडूनच कळलं. आपल्या मुलांच्या गुणपत्रिका हातात घेताना आपलं काय होतं, ते ज्यानं त्यानं आठवावं.