जठर-आतड्यांतील स्ट्रोमल अर्बुदे आणि किट प्रथिन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अर्बुदाच्या पेशींत एखादे विशिष्ट प्रथिन आढळले, तर त्यावरून रुग्णाचे भवितव्य सांगता येईल काय? मृदू ऊतींच्या कर्करोगांसंबंधी हा प्रश्न वारंवार उपस्थित झाला आहे. जठर व आतड्यांच्या भित्तींत उद्भवणाऱ्या 'जिस्ट' या अर्बुदाच्या इतिहासाद्वारे त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथिनाची ओळख :
ही अर्बुदे अनैच्छिक स्नायूंपासून निर्माण होतात, असे दीर्घकाळ मानले जात असे. मझूर व क्लार्क यांनी १९८३ मध्ये या समजुतीस आव्हान देऊन त्यांना 'स्ट्रोमल' ही संज्ञा दिली. १९९८ मध्ये जपानमधील हिरोता व सहकाऱ्यांनी या अर्बुदांत किट जनुकाची उत्परिवर्तने दाखवून दिली. या उत्परिवर्तनामुळे किट प्रथिन बाह्य संदेशाविनाच कार्यरत राहते व पेशींची वाढ अनिर्बंध होते. सुमारे ९५ टक्के जिस्टमध्ये हे प्रथिन आढळत असल्याने निदानाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला.

भाकिताची मर्यादा :
निदान करणारे प्रथिन भाकीतही करील, अशी अपेक्षा निर्माण होणे स्वाभाविक होते. १९९९ मधील एका जपानी अभ्यासात किटचे उत्परिवर्तन असलेल्या रुग्णांचे भवितव्य अधिक वाईट दिसले. परंतु एक सेंटिमीटर वा त्याहून लहान, योगायोगाने सापडलेल्या अर्बुदांतही तीच उत्परिवर्तने आढळतात, हे २००२ मध्ये स्पष्ट झाले. जे प्रथिन जवळपास सर्वच रुग्णांत आढळते, ते सौम्य व घातक यांत भेद कसा करणार? त्याच वर्षी फ्लेचर व सहकाऱ्यांनी मांडलेल्या सर्वसंमत निकषांत धोक्याचे मोजमाप अर्बुदाचा आकार आणि विभाजित होणाऱ्या पेशींची संख्या यांवर आधारले गेले. पुढे अर्बुदाचे स्थानही विचारात घेतले जाऊ लागले.

उपचार आणि नवा अर्थ :
मार्च २००० मध्ये हेलसिंकी येथे एका महिला रुग्णास इमॅटिनिब हे किट प्रथिनास रोखणारे औषध देण्यात आले आणि तिची अर्बुदे आकसली. तोवर प्रसार झालेल्या या रोगावर परिणामकारक औषध नव्हते. २००३ मध्ये हाइनरिख व सहकाऱ्यांनी किट जनुकातील दोषाचे स्थान तपासले. एक्झॉन ११ मध्ये दोष असलेल्या सुमारे ८४ टक्के रुग्णांत अर्बुद आकसले. एक्झॉन ९ बाबत हे प्रमाण सुमारे ४८ टक्केच होते.

समारोप :
रोग कोणता, तो किती घातक आणि कोणते औषध लागू पडेल, हे तीन भिन्न प्रश्न आहेत. किट प्रथिनाच्या अस्तित्वाने पहिल्याचे उत्तर दिले. दुसऱ्यासाठी अर्बुदाचा आकार, त्याचे स्थान आणि सूक्ष्मदर्शकाखालील विभाजित होणाऱ्या पेशींची गणना आधारभूत ठरली. तिसऱ्याचे उत्तर जनुकातील दोषाच्या नेमक्या स्थानात मिळाले. या तिन्हींची गल्लत झाल्यास सौम्य अर्बुदाच्या रुग्णास अकारण भय आणि घातक अर्बुदाच्या रुग्णास खोटा दिलासा मिळू शकतो. म्हणून तपासणी अहवालातील 'किट सकारात्मक' हे शब्द रोगाचे नाव सांगतात, रुग्णाचे भवितव्य नव्हे.