अणूला प्रकाश द्यायला किती वेळ लागतो? एका प्रश्नाचा शंभर वर्षांचा प्रवास

१/ मार्च १९१३. कोपनहेगनमधील सत्तावीस वर्षांच्या नील्स बोर यांनी आपल्या नव्या अणुसिद्धांताचे हस्तलिखित मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफर्ड यांच्याकडे पाठवले. अणूतील इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहतो आणि वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उतरताना प्रकाश देतो, असे त्यात प्रतिपादन होते. २० मार्चच्या उत्तरात रदरफर्ड यांनी एक मोठी शंका उपस्थित केली. प्रकाशाची वारंवारता दोन पातळ्यांमधील अंतरावर ठरत असेल, तर आपण कोठे जाऊन थांबणार आहोत हे इलेक्ट्रॉनला निघण्यापूर्वीच ठाऊक असले पाहिजे. मग तो निर्णय घेतो कधी, आणि त्या उतरण्याला वेळ तरी किती लागतो? बोर यांच्याजवळ याचे उत्तर नव्हते.

२/ जुन्या भौतिकशास्त्रात हा पेच नव्हता. हेलकावे खाणारा विद्युतभार लहरी बाहेर टाकतो, हे हाइनरिख हर्ट्झ यांच्या १८८७-८८ च्या प्रयोगांनी सिद्ध झाले होते. झोका हळूहळू मंदावतो तसा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत शांत होतो, असे मानले जाई. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी या पद्धतीने हिशेब केला तर मंदावण्याचा काळ सुमारे १६ नॅनोसेकंद येतो. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. या चित्रात प्रकाश देणे ही सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली क्रिया होती. बोर यांच्या चित्रात मात्र केवळ आधीची स्थिती होती आणि नंतरची. मधला भाग कोराच राहिला होता.

३/ प्रकाश मावळण्याचा काळ मोजण्याची खटपट त्याच्याही अर्धशतक आधी सुरू झाली होती. काही पदार्थ उन्हातून अंधारात आणले तरी थोडा वेळ चमकत राहतात. ही चमक किती टिकते, हे पाहण्यासाठी पॅरिसमधील एदमों बेकरेल यांनी १८५७ च्या सुमारास फॉस्फोरोस्कोप नावाचे उपकरण बनवले. त्यात छिद्रे पाडलेल्या दोन चकत्या एकाच आसावर फिरत. पदार्थावर प्रकाश पडे तेव्हा पाहणाऱ्याची बाजू झाकलेली असे. पाहणाऱ्यासमोर छिद्र येई तेव्हा प्रकाशाची वाट बंद झालेली असे. चकत्यांचा वेग वाढवत नेला की सेकंदाच्या दहाहजाराव्या भागापर्यंतची चमक पकडता येई. युरेनियमच्या क्षारांचाही त्यांनी अभ्यास केला. पुढे १८९६ मध्ये त्याच क्षारांनी त्यांचे पुत्र आंरी बेकरेल यांना किरणोत्सर्गाचा शोध लावून दिला.

४/ बोर यांच्या सिद्धांतातील कोरी जागा भरण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९१६ मध्ये, महायुद्धाच्या काळात, बर्लिनमध्ये झाला. आल्बर्ट आइनस्टाइन यांनी उडी कशी होते हा प्रश्न बाजूला ठेवला आणि ती किती वेळा होते एवढेच विचारले. उत्तेजित अणूवर बाहेरून प्रकाश पडत नसला, तरी पुढच्या क्षणी तो खाली उतरण्याची एक निश्चित संभाव्यता असते, असे त्यांनी गृहीत धरले. हा नियम त्यांनी किरणोत्सर्गाच्या अभ्यासातून घेतला होता. कोणता अणू केव्हा फुटेल हे सांगता येत नाही, पण असंख्य अणूंपैकी किती फुटतील हे सांगता येते. हा नियम घडवणाऱ्यांत रदरफर्डच अग्रणी होते. त्यांच्या शंकेला मिळालेले पहिले उत्तर त्यांच्याच नियमाच्या साच्यात होते.

५/ आइनस्टाइन यांनी दोन प्रकारच्या उत्सर्जनांची तुलना केली. एक, अणू आपणहून देतो तो प्रकाश. दुसरे, बाहेरील प्रकाशाच्या प्रेरणेने होणारे उत्सर्जन, ज्यावर पुढे लेसर उभा राहिला. या दोहोंचे गुणोत्तर वारंवारतेच्या घनाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांना आढळले. प्रकाशाची ऊर्जा वारंवारतेच्या प्रमाणात असते. म्हणून इतर सर्व गोष्टी समान असतील तर ऊर्जा दुप्पट झाल्यावर आपणहून उतरण्याचा दर आठपट होतो आणि वाट पाहण्याचा सरासरी काळ आठव्या भागावर येतो. ऊर्जेचे अंतर जितके मोठे, तितकी अणूची घाई अधिक.

६/ या यशाचे समाधान आइनस्टाइन यांना लाभले नाही. उत्सर्जनाचा क्षण आणि त्याची दिशा योगायोगावर सोपवावी लागते, हा आपल्या सिद्धांताचा दुबळेपणा आहे, असे त्यांनी त्या निबंधातच नमूद केले. १९२४ मध्ये माक्स बॉर्न यांना लिहिलेल्या पत्रात ते अधिक स्पष्ट बोलले: इलेक्ट्रॉन स्वतःच्या मर्जीने उडीची वेळ आणि दिशा ठरवत असेल, तर भौतिकशास्त्रज्ञ होण्यापेक्षा चांभारकाम किंवा जुगारखान्यातील चाकरी पत्करलेली बरी. वादाचे मूळ येथे होते. किती वेळ लागतो हे विचारता विचारता निसर्गातील प्रत्येक घटनेला कारण असते का, या प्रश्नाशी शास्त्रज्ञ येऊन ठेपले होते.

७/ तोवर प्रयोगशाळेत घड्याळ तयार झाले होते. १९१९ पासून विल्हेल्म वीन यांनी वेगवान अणूंचा झोत एका अरुंद छिद्रातून निर्वात पोकळीत सोडला. पोकळीत टकरी नसल्याने अणू पुन्हा उत्तेजित होत नसत, आणि झोताचा उजेड पुढे पुढे फिका होत जाई. सेकंदाला पाच लाख मीटर वेगाचा अणू सेकंदाच्या दहाकोटीव्या भागात पाच मिलिमीटर अंतर कापतो. अशा रीतीने काळाचे मोजमाप पट्टीने करता येण्याजोगे झाले! उत्तर याच पल्ल्यातले, म्हणजे दहा नॅनोसेकंदांच्या आसपासचे आले. झोत एकाएकी विझत नव्हता. ठरावीक प्रमाणात मावळत होता.

८/ परंतु मोजमाप हाती आले तरी त्याचा अर्थ लागत नव्हता. मावळता झोत पाहून जुन्या मताचे लोक म्हणत, इलेक्ट्रॉनचा झोका मंदावतो आहे. नव्या मताचे म्हणत, प्रत्येक अणू क्षणार्धातच उतरतो, मात्र कोणी लवकर तर कोणी उशिरा. १९२४ मध्ये बोर, क्रामर्स आणि स्लेटर यांनी तर एकेका घटनेत ऊर्जेची अक्षय्यता सोडून द्यावी आणि ती केवळ सरासरीत मानावी, असा मार्ग सुचवला. १९२५ मध्ये वाल्टर बोटे आणि हान्स गायगर यांनी विखुरलेला प्रकाशकण व त्याने उडवलेला इलेक्ट्रॉन एकाच वेळी बाहेर पडतात, हे दाखवून तो मार्ग बंद केला. हिशेब प्रत्येक घटनेत चोख होता.

९/ १९२६ च्या उन्हाळ्यात एर्विन श्रोडिंगर यांनी म्युनिकमध्ये आपल्या तरंगसिद्धांतावर व्याख्यान दिले. तरंग अखंड असतात. त्यांत उड्यांना जागा नाही. तरुण वेर्नर हायझेनबर्ग यांनी आक्षेप घेताच वीन यांनी त्यांना गप्प केले. क्वांटम उड्यांचा खुळचटपणा आता संपला, अशा आशयाचे त्यांचे उद्गार हायझेनबर्ग यांनी आठवणींत नोंदवले आहेत. ऑक्टोबरमध्ये श्रोडिंगर कोपनहेगनला गेले. तेथे बोर यांनी त्यांच्याशी दिवसरात्र वाद घातला. पाहुणे आजारी पडले, मार्गरेटे बोर त्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि बोर पलंगाच्या कडेला बसून वाद पुढे चालवत होते. या उड्या टिकणारच असतील तर या विषयात पडल्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे श्रोडिंगर वैतागून म्हणाल्याची हायझेनबर्ग यांची आठवण आहे.

१०/ १९२७ मध्ये पॉल डिरॅक यांनी प्रकाशालाही पुंजसिद्धांताच्या चौकटीत आणले आणि आइनस्टाइन यांनी गृहीत धरलेला दर मुळापासून काढून दाखवला. १९३० मध्ये व्हिक्टर वाइसकोफ आणि यूजीन विग्नर यांनी उत्सर्जनाचा काळक्रम मांडला. त्यांच्या समीकरणात अणू उत्तेजित असण्याची संभाव्यता सावकाश घटते आणि प्रकाश बाहेर पडल्याची संभाव्यता तितकीच वाढते. सोडियमच्या अणूचे सरासरी आयुष्य सुमारे १६ नॅनोसेकंद आहे. तेवढ्या वेळात प्रकाश सुमारे पाच मीटर जातो. त्या एका प्रकाशकणाची लहर साधारण तेवढी लांब असते. आयुष्य जितके कमी, तितकी वर्णपटातील रेषा रुंद, हा संबंधही याच गणितातून पक्का झाला.

११/ मग काळ केवळ ऊर्जेवर ठरतो का? तसे नाही. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन ज्या उत्तेजित अवस्थेतून १.६ नॅनोसेकंदांत उतरतो, तिचीच हेलियम आयनातील आवृत्ती पाहावी. तेथे ऊर्जा चौपट असते, म्हणजे घनाच्या नियमाने दर ६४ पट व्हायला हवा. पण केंद्रकाच्या दुप्पट ओढीने इलेक्ट्रॉनचा वावर निम्म्या अंतरात आक्रसतो आणि त्यामुळे दर चौथ्या भागावर येतो. प्रत्यक्षात तो १६ पट भरतो. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. हायड्रोजनमध्येच जवळजवळ तेवढ्याच ऊर्जेची दुसरी एक अवस्था आहे. तिच्या आकारामुळे नेहमीची वाट बंद असते आणि एका वेळी दोन प्रकाशकण देऊनच उतरावे लागते. तिचे आयुष्य सेकंदाच्या आठव्या भागाएवढे, म्हणजे कोट्यवधी पट दीर्घ आहे.

१२/ अशा अडलेल्या वाटांनी खगोलशास्त्रज्ञांना साठ वर्षे चकवले. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांना एका तेजोमेघाच्या वर्णपटात हिरव्या रेषा दिसल्या. त्या पृथ्वीवरील कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेनात. पुढे त्यांच्यासाठी ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्यही कल्पिले गेले. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवले की हा दोन इलेक्ट्रॉन गमावलेला साधा ऑक्सिजन आहे. त्याच्या त्या अवस्थेचे आयुष्य अर्ध्या मिनिटाहून थोडे अधिक असते. प्रयोगशाळेतील वायूत तेवढ्या वेळात असंख्य टकरी होतात आणि प्रकाश देण्याआधीच ऊर्जा हिरावली जाते. तेजोमेघ इतका विरळ असतो की तेथे अणूला आपली वेळ येईपर्यंत निवांत थांबता येते.

१३/ या थांबण्याची परिसीमा हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेषेत दिसते. येथे ऊर्जेचे अंतर दृश्य प्रकाशाच्या तुलनेत काही लाख पट लहान आहे, आणि वाटही दुबळी, चुंबकीय स्वरूपाची. एका अणूने वाट पाहण्याचा सरासरी काळ सुमारे १ कोटी १० लाख वर्षे! १९४४ मध्ये नाझींच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी या रेषेचे भाकीत केले. मार्च १९५१ मध्ये हार्वर्डला युएन आणि पर्सेल यांनी ती टिपली. एकेक अणू युगानुयुगे गप्प राहतो, पण सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या हायड्रोजनमध्ये सुमारे १० चा ५७ वा घात इतके अणू असतात. त्यांतील काही ना काही प्रत्येक क्षणी बोलतच असतात. नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या हाच आवाज ऐकतात. २०२० मध्ये तिच्या साहाय्याने सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजनचे मापन प्रसिद्ध झाले.

१४/ प्रतीक्षेचा काळ असा सापडला. उडीचा वाद मात्र उरला होता. १९५२ मध्ये श्रोडिंगर यांनी क्वांटम उड्या असतात का, हाच प्रश्न पुन्हा जाहीरपणे विचारला. एकट्या अणूवर आपण कधी प्रयोग करीत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८६ मध्ये हान्स डेमेल्ट यांच्या गटासह तीन गटांनी विद्युतक्षेत्राच्या सापळ्यात एकच आयन धरून ठेवला. लेसरच्या प्रकाशात तो चमकत राही. दीर्घायुषी अवस्थेत शिरला की अंधार होई. काही काळाने पुन्हा एकाएकी उजेड. कागदावर उमटलेला आलेख पायऱ्यांचा होता, उताराचा नव्हता.

१५/ २०१९ मध्ये येल विद्यापीठात झ्लात्को मिनेव्ह, मिशेल देव्होरे आणि सहकाऱ्यांनी अतिवाहक मंडलाच्या कृत्रिम अणूवर आणखी बारीक नजर ठेवली. उडी केव्हा सुरू होईल हे आधीपासून सांगता येत नव्हते. त्या बाबतीत आइनस्टाइन यांना नको असलेला योगायोग कायम राहिला. पण सुरू झालेली उडी क्षणिक नव्हती. ती काही मायक्रोसेकंद चाले, तिची वाट अखंड असे, आणि वेळीच हस्तक्षेप केला तर ती अर्ध्यातून मागेही फिरवता येई. रदरफर्ड यांच्या शंकेत दोन काळ एकत्र गुंफलेले होते. थांबण्याचा काळ सरासरीने ठरतो. ऊर्जेचा घन आणि अवस्थेचा आकार मिळून तो १.६ नॅनोसेकंद करतात किंवा कोटी वर्षे. उतरण्याचा काळ निराळा, आणि त्यात मधली वाटही असते. १९१३ मध्ये बोर यांनी कोरी सोडलेली जागा त्या प्रयोगात काही मायक्रोसेकंदांपुरती भरली गेली.

(समाप्त)