पोलिसी रिव्हॉल्वर आणि नागरिक

बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याचे रिव्हॉल्वर १८८७ साली ब्रिटिश सेनेने स्वीकारले. पुढे त्याच घराण्यातील ०.३८ इंची रिव्हॉल्वर हिंदुस्थानातील पोलीस अधिकाऱ्यांच्या कमरेला आले. ते इतके टिकाऊ, की नीट राखले तर दोन पिढ्यांनंतरही चोख चालावे. असे सुस्थितीतील जुने पोलिसी रिव्हॉल्वर बेंगळुरूच्या एखाद्या सामान्य नागरिकास दुकानातून विकत घेता येईल काय? याचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्या नकाराला मोठा इतिहास आहे.

१८५७ च्या उठावाने राज्यकर्त्यांच्या मनात प्रजेच्या शस्त्रांविषयी धास्ती बसली. तरीही ज्यांच्या निष्ठेची खात्री वाटली, त्यांना सवलत मिळाली. म्हैसूर व कोडगू या प्रांतांचा कारभार बेंगळुरूहून पाहणारे मार्क कबन यांनी १८६१ साली कोडवांना निःशस्त्रीकरणातून वगळले. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीतील १८७८ च्या कायद्याने मात्र देशी माणसाला परवान्याची अट घातली आणि युरोपियनांना तीतून मोकळे ठेवले. हा भेदच लोकांना अधिक झोंबला. कराचीच्या काँग्रेस अधिवेशनाने १९३१ मध्ये नियमाधीन शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला, तो याच अपमानाच्या जाणिवेतून.

परंतु स्वराज्य आल्यावर प्रश्नाचे रूप पालटले. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. प्रत्येक नागरिकाला असा हक्क दिल्यास शांतता राखण्याची राज्याची शक्तीच लुळी पडेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. वंशभेदाला त्यात स्थान नव्हते. परवाना मात्र राहिला. ज्या रिव्हॉल्वरमध्ये सरकारी ०.३८० किंवा ०.४५५ ची काडतुसे बसतात, ती त्याखालील नियमांनी निषिद्ध वर्गात घातली. कारण उघड आहे: पोलिसांच्या कोठारातील दारूगोळा चोरवाटेने खासगी शस्त्रात जाऊ नये.

म्हणूनच कानपूरच्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी रिव्हॉल्वर घडवले, ते वेब्लीच्याच धाटणीचे, पण ०.३२ इंची. तेही जुने घ्यावयाचे तर खरेदीदाराजवळ परवाना हवा, आणि विकणाऱ्या परवानाधारकाने निदान ४५ दिवस आधी अधिकाऱ्यांना लेखी कळवावयास हवे.

कोडवांची सवलत मात्र टिकली. २०१९ साली ती आणखी दहा वर्षांसाठी वाढविण्यात आली. परक्या सत्तेने निष्ठेचे बक्षीस म्हणून दिलेली मुभा स्वराज्यात परंपरेचा मान ठरली. इतर सर्वांस मात्र शस्त्राची गरज सरकारदरबारी पटवून द्यावी लागते. पूर्वी शस्त्रबंदी हे गुलामीचे चिन्ह होते. आज तिचे समर्थन एकाच गोष्टीवर उभे आहे, ती म्हणजे नागरिकाच्या रक्षणाचे काम पोलीस खरोखर पार पाडतात की नाही.