सादृश्य : क्रियारूपांतील

एका शब्दरूपाच्या धर्तीवर दुसरे रूप घडते, तेव्हा त्या प्रक्रियेला ऐतिहासिक भाषाशास्त्रात सादृश्य म्हणतात. क्रियापदांच्या काळरूपांत तिचे काम विशेष उघड दिसते. ‘बोलणे : बोलला’, तर ‘म्हणणे : म्हणला’ – बोलणाऱ्याने नकळत सोडवलेले हे त्रैराशिकच. हेर्मान पाउल या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८८० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सादृश्याला भाषाबदलाच्या केंद्राशी आणून बसवले. एडगर स्टर्टेव्हंट यांनी पुढे त्यातला विरोधाभास नेमका टिपला : ध्वनिबदल नियमाने चालतो आणि रूपे विस्कटतो, सादृश्य लहरीने चालते आणि ती सावरते.

मराठीतील ‘केला, गेला, मेला’ ही अशी विस्कटलेली रूपे. त्यांच्या मुळाशी संस्कृत कृत, गत, मृत आहेत. प्राकृतात झिजून आणि ‘ल’ प्रत्यय जोडून ती आज करणे, जाणे, मरणे यांपासून बरीच दूर गेली आहेत. घरात कुणी तसे बोलत नसतानाही लहान मूल ‘मी करलं’ म्हणते, ते सादृश्याच्या बळावर. मोठेपणी ते सुटते, कारण ‘केलं’ दिवसातून शंभरदा कानावर पडते. वापर हेच अनियमित रूपाचे चिलखत. इंग्रजीत हे मोजलेही गेले आहे. ‘नेचर’मधील २००७ च्या अभ्यासानुसार जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांपैकी ९८ च आज अनियमित उरली आहेत. शंभरपट कमी वापरले जाणारे क्रियापद दहापट लवकर नियमित होते.

मात्र सादृश्य नेहमी बहुमताकडेच ओढते, हा समज चुकीचा. १६११ च्या इंग्रजी बायबलमधले ‘डिग्ड’ हे नियमित रूप मागे पडून ‘डग’ हे अनियमित रूप रूढ झाले, ते ‘स्टक’सारख्यांच्या संगतीने. मराठीतले चालू उदाहरण ‘कळाले’चे. ‘टळले, वळले, ढळले’ यांच्या पंगतीत ‘कळले’ सुखाने बसलेले होते. पण ‘मला मिळाले’ आणि ‘मला कळले’ यांची वाक्यरचनाही एकच, यमकही जुळते. त्यामुळे ‘कळाले’ बोलण्यात आणि छापातही शिरले. मुद्रितशोधक ते खोडतात, ‘मिळाले’ला मात्र कुणी हात लावत नाही.