पत्तीतला पिवळा

नगरजवळच्या नेप्तीत किंवा नेवाशाच्या घोडेगावात लिलावाच्या दिवशी पायाखाली जो पाचोळा वाजतो, तो कांद्याच्या पत्तीचा, म्हणजे वाळक्या सालीचा. व्यापारी कांदा तळहातावर घोळवतो, अंगठ्यानं पत्ती चोळून बघतो. ‘डबलपत्ती’ म्हटलं की शेतकऱ्याच्या जिवात जीव येतो, कारण असा गावरान माल साठवणुकीच्या चाळीत टिकतो. भाव ठरवणारी ही पत्ती पुढे उकिरड्यावर जाते. कांद्यातल्या क्वेरसेटिन या पिवळ्या रंगद्रव्याचा सर्वांत दाट साठा मात्र तिच्यातच असतो.

क्वेरसेटिन हे नाव कांद्याचं नाही, ओकचं आहे. लॅटिनमध्ये ओक म्हणजे क्वेर्कस. अमेरिकेतल्या काळ्या ओकच्या सालीचा पिवळा रंग एडवर्ड बँक्रॉफ्ट यानं इंग्लंडच्या रंगाऱ्यांपर्यंत नेला, आणि १७८५ मध्ये ब्रिटिश संसदेनं खास कायदा करून त्याला मक्तेदारी दिली. हाच गृहस्थ पॅरिसमध्ये बेंजामिन फ्रँकलिनचा विश्वासू म्हणून वावरत असताना इंग्रजांना बातम्या पुरवत होता. रंग पक्का, माणूस कच्चा!

ओकच्या सालीतून मिळणारं हेच क्वेरसेटिन कांद्याच्या पत्तीतही आहे, हे १८९६ मध्ये ए. जी. पर्किन आणि हमेल या रसायनज्ञांनी दाखवलं. पर्किनच्या वडिलांनी १८५६ मध्ये कृत्रिम जांभळा रंग काढून वनस्पतिरंगांच्या धंद्याला घरघर लावली होती. मुलगा मात्र साली आणि फुलं उकळत बसला. आपल्या पळसाच्या फुलांवरचं या जोडीचं काम १९०४ मध्ये छापून आलं. रंगपंचमीच्या त्या केशरी पाण्यात सापडलेलं ब्यूटिन क्वेरसेटिनच्याच भाऊबंदकीतलं. त्याच वर्षी कोस्टानेकी या रसायनज्ञानं प्रयोगशाळेत क्वेरसेटिन घडवलं.

रेणू तसा आटोपशीर आहे: पंधरा कार्बन, तीन कडी, पाच हायड्रॉक्सिल गट. हे गट धातूला धरून ठेवतात. म्हणून पत्ती उकळलेल्या पाण्यात तुरटी टाकली की सूत पिवळं होतं, लोखंड मिसळलं की मेहंदी रंगाकडे झुकतं. नुसतं क्वेरसेटिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. कांद्याच्या ओल्या पापुद्र्यांत ते साखरेच्या रेणूला जोडलेलं असतं, म्हणून विरघळतं आणि आतड्यातूनही बऱ्यापैकी शोषलं जातं. लाल कांद्याची लाली वेगळी, ती अँथोसायनिनची. पांढऱ्या कांद्यात क्वेरसेटिन नावालाच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले सफेद’ भुकटीसाठी नावाजला, तो याच कोऱ्या गोत्राचा.

पत्ती कांद्याला राखते कशी, याचा एक धागा १९२९ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये सापडला. रंगीत पत्तीत प्रोटोकॅटेच्युइक आम्ल असतं आणि ते काळे ठिपके पाडणाऱ्या एका बुरशीला रुजू देत नाही. क्वेरसेटिनचं ऑक्सिडीकरण झालं की हे आम्ल तयार होतं. पांढऱ्या कांद्याजवळ ही ढाल नाही. मात्र यावरून पत्तीला सर्वरोगहारी ठरवू नये. चाळीत काजळी धरते ती बुरशी निराळी, आणि ती लाल कांद्यालाही सोडत नाही. तिथे हवा खेळती ठेवणं आणि माल नीट सुकवून भरणं, हेच कामाला येतं.

स्वयंपाकघरात घाईघाईनं सोलताना पत्तीबरोबर वरचा जाड पापुद्राही कचऱ्यात जातो, आणि खाण्याच्या भागात क्वेरसेटिन सर्वांत जास्त असतं ते त्यातच. शिजताना रश्श्यात उतरलेलं क्वेरसेटिन तरी वाया जात नाही, रस्सा आपण पितोच. बांधावर बुक्कीनं फोडलेल्या कांद्याची तर वाळकी पत्ती तेवढी झटकली जाते. वरचा जाड पापुद्रा भाकरीबरोबर पोटात जातो.