कुंचल्याची राखण

इसवी सन ७५२ मध्ये जपानच्या तत्कालीन राजधानीत, म्हणजे नारा येथे, तोदाइ-जी मंदिरातील प्रचंड कांस्यबुद्धाचे नेत्रोन्मीलन झाले, तेव्हा मूर्तीच्या डोळ्यांत बाहुल्या रेखण्याचा मान, निवृत्त सम्राट शोमू याच्या प्रकृतिअस्वास्थ्यामुळे, सोळा वर्षांपूर्वी त्या देशात येऊन स्थायिक झालेल्या बोधिसेन नावाच्या एका भारतीय भिक्षूकडे आला. ज्या कुंचल्याने त्याने हे कार्य सिद्धीस नेले तो सुमारे दोन वितींहून अधिक लांबीचा होता. त्याला निळ्या रेशमाची जवळजवळ दोनशे मीटर लांबीची दोरी जोडलेली होती, आणि ती दोरी हाती धरून जमलेल्या समुदायाने त्या पुण्यकर्मात आपापला वाटा उचलला. समारंभ आटोपला आणि कुंचला, दोरीसह, मंदिराच्या शोसोइन नामक भांडारात दाखल झाला. पुढे ११८० साली यादवीत ताइरा घराण्याच्या फौजेने लावलेल्या आगीत मंदिर भस्मसात झाले व मूर्तीचीही वाताहत झाली; पाच वर्षांनी मूर्तीचा जीर्णोद्धार होऊन पुन्हा नेत्रोन्मीलनाची वेळ आली, तेव्हा निवृत्त सम्राट गो-शिराकावा याने भांडारातून तोच जुना कुंचला काढवून घेतला आणि त्यानेच बुद्धाचे डोळे दुसऱ्यांदा उघडले. या दोन प्रसंगांच्या मध्ये ४३३ वर्षे गेली होती.

कलेच्या इतिहासकारांनी कुंचल्याच्या फटकाऱ्यांविषयी जेवढी शाई खर्च केली आहे, तिच्या शतांशानेही कुंचला रात्री कोठे निजतो याविषयी केलेली नाही. वस्तुतः चार शतकांनंतर कामास येणारा कुंचला आणि चार महिन्यांत केरसुणीची अवकळा पावणारा कुंचला यांतील अंतर बनविणाऱ्याच्या कसबाने जितके पडते तितकेच राखणाऱ्याच्या शिस्तीने पडते. आणि मला तर असे दिसते की, जोपर्यंत चित्रकार आपला कुंचला आपल्या हाताने बांधीत होता तोपर्यंत ही शिस्त त्याला कोणी निराळी शिकवावी लागत नव्हती, कारण राखण हा बांधणीचाच उत्तरार्ध होता.

याचे मर्म केसाच्या घडणीत आहे. चांगल्या कुंचल्याची अणी ही कात्रीने साधलेली नसते; प्राण्याच्या अंगावर वाढलेल्या केसाचे जे निसर्गतः निमुळते टोक, तीच असंख्य टोके एकत्र जुळून ती अणी होते, आणि म्हणून एकदा बिघडलेली अणी कापून नीट करता येत नाही. केस ओला असताना ज्या वळणात ठेवावा त्याच वळणात वाळतो; सबब धुतलेला कुंचला बोटांनी निमुळता करून वाळविला तर तो निमुळता राहतो, आणि पाण्याच्या भांड्यात डोक्यावर उभा करून विसरला तर वाकडा होतो तो बहुधा कायमचा. त्याहून घातक गोष्ट म्हणजे केसांच्या मुळाशी, जेथे ते नळीत शिरतात तेथे, सुकून बसलेला रंग. तो आतून केस फाकवितो आणि मग कुंचल्याचे पोट सुटते ते पुन्हा आवळता येत नाही. पाणी दांड्यात मुरले की लाकूड फुगते, वाळले की आकसते, आणि या ये-जा करण्यात नळी सैल होते. या सर्वांतून वाचलेल्या कुंचल्यावर शेवटी कसरीचा डोळा असतोच, कारण शाल काय आणि खारीच्या शेपटीचा केस काय, तिच्या दृष्टीने अन्न एकच.

चीनमध्ये या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला दिसतो. १९५४ साली हूनान प्रांतात चांगशा येथील एका थडग्यात युद्धमान राज्यांच्या काळातील, म्हणजे इसवी सनापूर्वीचा, एक कुंचला सापडला. दांड्याच्या चिरलेल्या टोकाभोवती सशाचे केस बसवून, त्यांवर रेशमी धागा गुंडाळून वरून लाखेसारखे रोगण दिलेला हा कुंचला सबंधच्या सबंध एका बांबूच्या नळीत ठेवलेला होता. मृताबरोबर पाठवायच्या वस्तूलाही म्यान द्यावे असे त्या लोकांना वाटले, यावरून जिवंतपणी तिची निगा कशी राखीत असतील याचा अदमास करावा. पुढील काळात तेथे केस सरसाने बांबूच्या पोकळीत बसविण्याची रीत रूढ झाली; आणि सरस ओलीने सुटतो, म्हणून धुतलेला कुंचला दांड्याच्या टोकाशी असलेल्या दोऱ्याच्या फासाने चौकटीला टांगून, अणी खाली करून वाळवावा, जेणेकरून पाणी मुळाकडे न जाता टोकाकडे निथळेल, असा प्रघात पडला. प्रवासात कुंचले बांबूच्या काड्यांच्या छोट्या चटईत गुंडाळीत; चटईच्या फटींतून वारा खेळतो व केसही चुरगळत नाहीत.

शोसोइनची कथा याहून मोठ्या प्रमाणावरची. जमिनीपासून पुरुषभर उंचीहून अधिक वर खांबांवर उभे असलेले हे लाकडी भांडार तिकोनी तुळया एकमेकींवर रचून बांधलेले आहे. आणि पावसाळ्यात या तुळया फुगून फटी बुजतात, कोरड्या हवेत आकसून वारा आत येऊ देतात, अशी एक सुंदर उपपत्ती बरीच वर्षे सांगितली जात असे. ती आता ग्राह्य मानीत नाहीत. खरे श्रेय आतल्या देवदारी जातीच्या लाकडाच्या पेट्यांचे, ज्यांच्या झाकणाखाली आर्द्रता फारशी हलत नाही, आणि त्याहूनही अधिक श्रेय दारावरील शाही मोहरेचे. सम्राटाच्या हुकुमाशिवाय ती मोहर तुटत नसे. अर्थात वस्तूला सहसा कोणाचा हात लागत नसे, आणि लागला तर त्याची दप्तरी नोंद होत असे. आपल्याकडील कित्येक संस्थानिकांच्या जामदारखान्यांत मोहरा होत्या, कुलुपे होती, कारकूनही होते. परंतु कुंचल्यासाठी कोणी मोहर केल्याचे उदाहरण मला आठवत नाही.

भारतातील ग्रंथकारांचे लक्ष राखणीपेक्षा घडणीवर अधिक. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ शके १०५१ चा, म्हणजे सुमारे ११२९ चा. प्राचीन मराठीचा पुरावा म्हणून आपले भाषापंडित त्याचा वारंवार हवाला देतात, परंतु चित्रकाराच्या साधनांची त्यातील माहिती त्या मानाने दुर्लक्षित राहिली आहे. वासराच्या कानातील मऊ केस घेऊन ते लाखेने दांड्याच्या टोकाशी जखडावेत, असे त्यात सांगितले आहे. लाख पाण्यात विरघळत नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे; ज्याने हे बंधन योजिले त्याने कुंचला रोज धुतला जाणार हे गृहीत धरलेले होते. केरळातील श्रीकुमाराच्या ‘शिल्परत्ना’त जाड, मध्यम व सूक्ष्म कामांसाठी निरनिराळ्या प्राण्यांचे केस सांगितले आहेत, आणि प्रत्येक रंगाला स्वतंत्र कुंचले असावेत असाही दंडक आहे. हा दंडक वरवर पाहता उधळपट्टीचा वाटतो. पण निळ्याचा कुंचला निळ्यातच राहिला की तो घासून घासून धुवावा लागत नाही, आणि घासणे जितके कमी तितके केसाचे आयुष्य अधिक.

मोगल आमदानीत चित्रकला ही कारखान्याची बाब झाली. अकबराच्या तसविरखान्यातील काम दर आठवड्यास दारोगे व कारकून बादशहापुढे रुजू करीत, आणि चित्रकारांना लागणाऱ्या जिनसांच्या किमतींचीही कसून चौकशी झाली होती, असे अबुल फजल ‘आईन-इ-अकबरी’त नमूद करतो. तथापि इतक्या सरंजामातही कुंचला मात्र चित्रकार आणि त्याचा चेला यांच्याच हातचा राहिला. खारीच्या शेपटीचे केस निवडून, त्यांची टोके जुळवून, दोऱ्याने बांधून तो झुबका पाण्यात भिजवून मऊ केलेल्या कबुतराच्या पिसाच्या नळीतून ओढून घेत. पीस वाळले की आकसते आणि केसांना आपोआप घट्ट धरते. जयपूर आणि नाथद्वारा येथील चित्रकारांनी ही विद्या थेट आपल्या काळापर्यंत आणली. पिसाची नळी ही मोठी नाजूक चीज. फार वाळली तर तडकते, दाबली गेली तर चेपते. म्हणून असे कुंचले कलमदानासारख्या अरुंद पेटीत, एकमेकांच्या अणीला धक्का लागणार नाही अशा बेताने, आडवेच ठेवावे लागत. जो चेला आठवडाभर खपून असा एखादा कुंचला बांधी, त्याला तो नीट ठेव म्हणून बजावण्याची गरज उस्तादाला कितपत पडत असेल?

गंमत अशी की, हीच पिसाची युक्ती त्याहून दीड-दोनशे वर्षे आधी इटलीतही चालू होती. चेन्नीनो चेन्नीनी या फ्लोरेन्सच्या परंपरेतील चित्रकाराने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत खारीच्या शेपटीचे केस गिधाड, हंस, कोंबडी, पारवा यांच्या पिसांत कामाच्या मानाने कसे बसवावेत ते सविस्तर सांगितले आहे. डुकराच्या राठ केसांचा कुंचला मात्र एकदम चित्राला लावू नये. त्याने आधी भिंतींना सफेदी द्यावी आणि केस नरम पडले की मग त्याचे चित्रोपयोगी कुंचले बांधावेत, असा त्याचा सल्ला आहे. आणि मुख्य गोष्ट ही की, न वापरलेल्या शेपट्यांना कसर लागू नये म्हणून त्या ओल्या मातीत किंवा खडूत बुडवून, चांगल्या लिंपून, टांगून ठेवाव्यात आणि हव्या तेव्हा स्वच्छ पाण्याने धुऊन घ्याव्यात, असे एक छोटेखानी प्रकरणच त्याने या विषयाला दिले आहे. आपल्याकडे पोथ्यांच्या रुमालांत वेखंड घालीत, कणग्या शेणामातीने लिंपीत. त्या लोकांना हे प्रकरण वाचून यत्किंचितही नवल वाटले नसते. याच ग्रंथात शिष्याने गुरूजवळ किती काळ काढावा याचाही हिशेब आहे, आणि तो एकंदर तेरा वर्षांचा भरतो. रंग वाटणे, सरस उकळणे, फळ्यांना अस्तर देणे, यांतच त्यांपैकी सहा जात. राखणीची शिस्त अंगी मुरायला एवढा अवधी पुरेसा होता असे म्हणण्यास हरकत नाही.

तैलरंग आले तेव्हा राखणीचे शास्त्र पालटले. जवसाचे किंवा अक्रोडाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते, आणि एकदा घट्ट झाले की धुण्याने सुटत नाही. म्हणून युरोपातील चित्रशाळांत पत्र्याचे वा तांब्याचे, मध्ये पडदी असलेले एक भांडे प्रचारात आले, ज्याला फ्रेंच लोक पॅन्सेलिए म्हणत. एका कप्प्यात स्वच्छ तेल, दुसऱ्यात कुंचल्यातून पिळून काढलेली रंगाची राड. ही राडही वाया जात नसे. सगळ्या रंगांचे मिश्रण होऊन जो एक करडा-तपकिरी चिखल जमे, तो पुढच्या कापडाला अस्तर म्हणून फासला जाई; हॉलंडमधील सतराव्या शतकातील चित्रांच्या अस्तरांत असा चिखल आढळतो. म्हणजे एका चित्राचे कुंचले धुतलेले तेल दुसऱ्या चित्राच्या पायात गेले. काटकसरीचे याहून चोख उदाहरण मिळणे कठीण.

एकोणिसाव्या शतकात पिसाची जागा धातूच्या नळीने घेतली आणि तिच्यामुळे, पिसाने कधी साधले नसते असे, चपटे कुंचले निघू लागले. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगाची दाबती नळी नोंदविली. चित्रकार शेतात, नदीकाठी जाऊन काम करू लागला. रंग विकत, कापड विकत, तसाच कुंचलाही विकत. लंडनच्या विन्सर अँड न्यूटन या पेढीने १८६६ मध्ये राणी व्हिक्टोरियासाठी हस्तिदंती दांड्याचे व चांदीच्या नळीचे कुंचले केले, सायबेरियातील कोलिन्स्की या मुंगसाच्या तोंडवळ्याच्या प्राण्याच्या शेपटीचे केस त्यांत वापरले, आणि राणीच्या आवडत्या मापावरून ती मालिका ‘सात क्रमांकाची’ म्हणून आजतागायत चालू आहे. दुकानातून येणारा नवा कुंचला डिंकाने ताठ केलेला असतो, जेणेकरून प्रवासात अणी मोडू नये. कुंचल्याची राखण ही येथून पुढे कारखानदाराने गिऱ्हाइकाला द्यायची सूचना झाली: कोमट पाण्याने व साबणाने धुवा, बोटांनी आकार द्या, आडवा वाळवा, वाळल्यावरच केस वर करून उभा ठेवा. सूचना बिनचूक आहेत. त्या छापाव्या लागल्या, एवढेच काय ते माझे म्हणणे.

मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना झाल्यावर या विलायती कुंचल्याचे आपल्याकडे बस्तान बसले, आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्याशी त्याची गाठ पडली. ओलसर कुंचला बंद डब्यात ठेवला तर लंडनमध्ये जे महिन्यात होईल ते येथे आठवड्यात होते. केसांवर बुरशी धरते आणि नळी गंजते. कापूर किंवा डांबराच्या गोळ्या कसरीला आवरतात, बुरशीला नाही. तिला उपाय उघड्या वाऱ्याचाच. पाट्या रंगविणारे आणि घरे रंगविणारे आपले कारागीर या बाबतीत चित्रकारांपेक्षा अधिक व्यवहारी. दांड्याला भोक पाडून त्यातून तार ओवायची आणि रॉकेलच्या डब्यात कुंचला असा लोंबत ठेवायचा की केस बुडतील पण तळाला टेकणार नाहीत, ही त्यांची रीत कोणत्याही छापील सूचनेहून जुनी नसेल, पण शहाणपणात ती उणी नाही.

विसाव्या शतकात नायलॉनचा केस आला. त्याला कसर लागत नाही, बुरशीही सहसा धरत नाही. मात्र त्याचे टोक एकदा आकड्यासारखे वळले की वळलेलेच राहते, आणि कढत पाण्याने त्याचा आकार जातो. आपल्या देशात मात्र मधल्या काळात खारीची आणि कोलिन्स्कीची जागा मुंगसाने घेतली होती. त्याचा केस ताठ, चिवट आणि स्वस्त, म्हणून उत्तर प्रदेशातील शेरकोटसारख्या कुंचल्यांच्या गावी तो पोत्यांनी येई, आणि एका मुंगसाच्या अंगावर कामाचे केस जेमतेम काही तोळे निघत असल्यामुळे त्यापायी मारल्या गेलेल्या जनावरांना गणती नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा व्यापार बंद झाला, पुढे बंदी अधिक कडक झाली, आणि २०१९ साली केंद्रीय वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने अनेक राज्यांत एकाच वेळी छापे घालून असे कुंचले हजारोंनी जप्त केले. असा कुंचला नुसता बाळगणे हाही आता अपराध आहे. परिणाम असा की, ज्या वृद्ध चित्रकाराने तरुणपणी घेतलेला मुंगसाचा कुंचला साबणाने धुऊन, बोटांनी अणी जुळवून, कापूर घालून इतकी वर्षे नव्यासारखा राखला, त्याच्या पेटीतील तो कुंचला जितका सुस्थितीत तितका ओळखायला सोपा. आणि तेरड्याच्या रंगाइतकाही ज्याचा कुंचला टिकला नाही असा त्याचा आळशी सोबती कायद्याच्या दृष्टीने निर्धास्त आहे.